राष्ट्रगीत मुलांच्या तोंडून येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रजासत्ताक दिनाच्या आपल्या अंकात सांगली-मिरजेतल्या शाळांच्या बातम्या होत्या. बहुतेकांत ‘ध्वजवंदनानंतर राष्ट्रगीत झाले’ एवढं एक वाक्य. त्यातल्या एका शाळेत मी पाहुणी म्हणून हजर होते. तिथे राष्ट्रगीत झालं नाही, वाजवलं गेलं. ‘एक साथ राष्ट्रगीत शुरू कर’ अशी ऑर्डर झाली आणि मैदानाच्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून वाद्यमेळासकट तयार गाणं सुरू झालं. पाचवी ते दहावीची सगळी मुलं सावधानमध्ये उभी, शिस्तीत, ओठ मिटून. शिक्षकही तसेच. चहाच्या वेळी मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, मुलं पुढेमागे होतात, सूर सोडतात. रेकॉर्ड लावलं की बावन्न सेकंदांत बिनचूक होतं.”

त्यांच्या मनात राष्ट्रगीताबद्दल आदरच होता, याबद्दल मला शंका नाही. चूक होऊ नये या काळजीपोटीच त्यांनी ते केलं. पण ही काळजी आता शाळाशाळांतून पसरली आहे आणि तिने मुलांच्या तोंडातलं राष्ट्रगीत काढून घेतलं आहे. मी तासगाव आणि पलूस तालुक्यांतल्या शाळांत आयुष्यभर संगीत शिकवलं. म्हणून हे मला जाहीरपणे सांगायचं आहे. राष्ट्रगीत म्हणायचं असतं. नुसतं ऐकायचं नसतं.

बावन्न सेकंदांचा दाखला नेहमी दिला जातो, तेव्हा त्याबद्दल आधी बोलते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ज्या आदेशात ‘सुमारे ५२ सेकंद’ असं म्हटलं आहे, त्याच आदेशात पुढे शाळांसाठी स्पष्ट लिहिलं आहे की दिवसाचं काम राष्ट्रगीताच्या समूहगायनाने सुरू करता येईल आणि मुलांमध्ये राष्ट्रगीत गाण्याची गोडी वाढावी यासाठी शाळेने आपल्या कार्यक्रमात पुरेशी सोय करावी. समूहगायन असा त्यातला भाव आहे. सेकंदांची अट पाळायची आणि गायनाची विसरायची, असं करता येणार नाही. शिवाय ‘सुमारे’ म्हणजे सुमारे. पाचवीच्या मुलांना चोपन्न सेकंद लागले तर राष्ट्राचा अपमान होत नाही.

२४ जानेवारी १९५० या दिवशी संविधान सभेत काय झालं ते प्रत्येक शाळेत सांगावं असं मला वाटतं. त्या दिवशी अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी निवेदन केलं की ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत राहील आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक वाटा असलेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान राहील. सदस्यांनी संविधानावर सह्या केल्या. आणि मग पूर्णिमा बॅनर्जी आणि इतर सदस्यांनी ‘जन गण मन’ म्हटलं, सगळे उभे राहिले. नंतर लक्ष्मीकांत मैत्र आणि इतरांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं. ना बँड, ना तबकडी. त्यातले किती जण सुरात होते कोण जाणे. त्यांनी ते म्हटलं, एवढं इतिहासात राहिलं.

तबकडीचंही या गोष्टीत एक स्थान आहे, ते नाकारणं बरोबर होणार नाही. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीला गेलेल्या आपल्या शिष्टमंडळाला न्यूयॉर्कमध्ये एका समारंभासाठी राष्ट्रगीत मागितलं गेलं. तेव्हा ठरलेलं राष्ट्रगीतच नव्हतं. शिष्टमंडळाकडे ‘जन गण मन’ची रेकॉर्ड होती. ती तिथल्या वाद्यवृंदाला दिली, त्यांनी सराव करून वाजवलं आणि लोकांना ते फार आवडलं. ऑगस्ट १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी हे संविधान सभेत सांगितलं. वाद्यवृंदाला आणि लष्करी बँडला चालीचं गाणं हवं, हा त्यांचा मुद्दा होता. त्याला उत्तर म्हणून आपल्या मास्तर कृष्णरावांनी, म्हणजे कृष्णराव फुलंब्रीकरांनी, झिंझोटी रागात बांधलेलं ‘वंदे मातरम्’ दिल्लीत नेहरूंपुढे आणि सदस्यांपुढे गाऊन दाखवलं, बँडवर वाजेल अशी चाल केली. त्यांचं म्हणणं मान्य झालं नाही. पण एक मराठी गवई राष्ट्राच्या गाण्यासाठी पेटी घेऊन दिल्लीला जातो, पुन्हा पुन्हा जातो, ही गोष्ट आमच्या मुलांना ठाऊक नसावी याचं मला वाईट वाटतं.

आणि आपल्या शेजारचे पलुस्कर! गायक विष्णु दिगंबर कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये ते ‘वंदे मातरम्’ म्हणायला उभे राहिले तेव्हा अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली. पलुस्करांनी गाणं पूर्ण केलं. पुढे १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोन कडवीच म्हणावीत असं ठरवलं. त्या वादात कोण बरोबर यावर आजही भांडणं होतात आणि दोन्ही बाजूंच्या लोकांचं मन मला समजतं. मला त्यात एवढंच दिसतं की दोघांनाही गाण्याचा शब्द न् शब्द लागत होता. स्पीकर लावून मोकळं होणाऱ्याला कुठलाच शब्द लागत नाही.

दरवर्षी १५ ऑगस्टच्या आसपास एक मेसेज फिरतो, की ‘जन गण मन’ पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी लिहिलं. गेल्या वर्षी तो मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवला, तोही आता शिक्षक आहे. त्याला जे उत्तर दिलं तेच इथे लिहिते. हे गीत पहिल्यांदा २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात म्हटलं गेलं. पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार त्याच महिन्यात झाला होता. अधिवेशनात त्याच दिवशी सम्राटाच्या गौरवाचं एक वेगळं हिंदी गीतही झालं आणि काही इंग्रजी वृत्तपत्रांनी दोन्हींची सरमिसळ करून बातमी छापली. तिथून हा गैरसमज निघाला. मूळ गीताची पाच कडवी आहेत. तिसऱ्या कडव्यात युगानुयुगे चालणाऱ्या यात्रेकरूंचा जो चिरसारथी आहे, तो माणूसच नाही. स्वतः रवींद्रनाथांनी १९३७ साली एका पत्रात लिहिलं की पाचवा, सहावा किंवा कुठलाही जॉर्ज तो युगायुगांचा सारथी असू शकत नाही. ज्यांनी पाचही कडवी एकदा वाचली त्यांच्या मनात हा प्रश्न उरत नाही. पण वाचायची तर मुळात गीत आपल्या तोंडात हवं.

जगात राष्ट्रगीतांवरून किती भांडणं झाली आहेत! मी निवृत्तीनंतर हा विषय आवडीने वाचत गेले. त्यातलं थोडं सांगते, कारण त्यातून माझं म्हणणं जास्त स्पष्ट होईल.

काही देशांच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत. स्पेनला चाल आहे, शब्द नाहीत. २००८ मध्ये स्पर्धा घेऊन शब्द निवडले, तर इतका विरोध झाला की काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले. बोस्नियाच्या गीताला शब्द नाहीत. कोसोव्होने तर जाणूनबुजून शब्द ठेवले नाहीत, कारण अल्बेनियन भाषेत लिहिलं तर सर्ब दुखावणार आणि सर्बियनमध्ये लिहिलं तर अल्बेनियन. पूर्व जर्मनीच्या गीतात ‘एकसंध पितृभूमी’ असे शब्द होते. देशाची फाळणी कायमची मानायची असं सरकारने ठरवल्यावर ते शब्द अडचणीचे झाले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून नुसती चाल वाजू लागली. सोव्हिएत संघाच्या गीतात स्टालिनचं नाव होतं, म्हणून १९५६ पासून १९७७ पर्यंत तेही बिनशब्दांचं वाजलं. त्याचे कवी सर्गेई मिखालकोव यांनी १९७७ मध्ये स्टालिन काढून शब्द बदलले आणि २००० साली पुतिन यांनी जुनी चाल परत आणली तेव्हा तिसऱ्यांदा नवे शब्द लिहिले. त्याआधीची दहा वर्षं रशियाने संगीतकार ग्लिंकाची चाल घेतली होती, तिलाही शब्द नव्हते, आणि खेळाडूंची तक्रार होती की मैदानावर आम्ही नुसते उभे राहतो, म्हणायला काहीच नाही.

त्या खेळाडूंना जे टोचत होतं ते आपण आपल्या मुलांना आपण होऊन देतो आहोत. त्यांच्याकडे शब्द नव्हते. आपल्याकडे रवींद्रनाथांचे शब्द आहेत.

दोन राष्ट्रगीतांबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण ती माझ्यासारख्या शाळेतल्या संगीत शिक्षकांनी केली. एनॉक सोंटोंगा हे दक्षिण आफ्रिकेतल्या एका मिशन शाळेत शिक्षक. त्यांनी १८९७ मध्ये शाळेच्या गायनवृंदासाठी ‘देवा, आफ्रिकेचं भलं कर’ अशा अर्थाचं गाणं बांधलं. ते पुढे वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचं गाणं झालं. गोऱ्या सरकारचं राष्ट्रगीत वेगळं, आफ्रिकान्स भाषेतलं. १९९४ मध्ये सत्ता आल्यावर मंडेलांच्या सहकाऱ्यांना ते गोऱ्यांचं गाणं फेकून द्यायचं होतं. मंडेलांनी तसं होऊ दिलं नाही. आधी दोन्ही गाणी चालू ठेवली आणि १९९७ मध्ये दोन्ही एकत्र करून एक गीत झालं. त्यात खोसा, झुलू, सेसोथो, आफ्रिकान्स आणि इंग्रजी अशा पाच भाषा आहेत आणि मध्येच पट्टी बदलते. गाणाऱ्याला सा नव्याने धरावा लागतो. एका देशातल्या सगळ्यांनी एकमेकांचा सूर आणि एकमेकांची भाषा तोंडात घ्यायची, असं ते गीतच सांगतं. ते स्पीकरवर लावून साधणार नाही. गोऱ्या पोराने खोसा शब्द स्वतःच्या जिभेने उच्चारले तरच ते गीत आपलं काम करतं.

दुसरे श्रीलंकेचे आनंद समरकून. शांतिनिकेतनात राहून आलेले, गॉलच्या एका शाळेत संगीत शिकवायचे. १९४० मध्ये त्यांनी गीत रचलं, ‘नमो नमो माता’ असं त्याचं पहिलं वचन. १९५१ मध्ये ते राष्ट्रगीत झालं. पुढे १९५९ मध्ये पंतप्रधान बंदरनायके यांची हत्या झाली, तेव्हा या गीताचा सुरुवातीचा गण अशुभ आहे असं म्हणणारे पुढे आले. आपल्याकडे वृत्तशास्त्रात शुभ-अशुभ गण सांगतात, तोच विचार. समरकून यांच्या विरोधाला न जुमानता १९६१ मध्ये सुरुवात बदलून ‘श्रीलंका माता’ करण्यात आली. त्यांना ते फार लागलं. १९६२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्याच गीताचा तमिळ अनुवादही आहे. तो स्वातंत्र्यदिनाच्या मुख्य समारंभात कित्येक दशकांनी २०१६ मध्ये म्हटला गेला आणि २०२० मध्ये पुन्हा वगळला गेला. हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

शब्द बदलणं नेहमीच वाईट असतं असंही नाही. कॅनडाच्या गीतात फक्त ‘पुत्रां’चा उल्लेख होता, २०१८ मध्ये तिथे ‘आम्हा सर्वां’चा झाला. ऑस्ट्रियाने २०१२ मध्ये पुत्रांच्या आधी कन्यांना बसवलं. ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २०२१ पासून ‘तरुण’ हा शब्द काढून ‘एक’ केला, कारण तिथल्या मूळ रहिवाशांचा इतिहास हजारो वर्षांचा आहे, तो देश तरुण कसा? जर्मनीने तर तीन कडव्यांतलं शेवटचं एकच ठेवलं, कारण पहिल्याचा नाझींनी केलेला वापर कुणी विसरू शकत नाही. हे सगळे बदल वर्षानुवर्षं वाद घालून झाले. वाद घालणारे लोक ते गीत स्वतः म्हणत होते, म्हणताना अडखळत होते, म्हणून बोलले.

आता मौनाबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१९८५ मध्ये केरळमधल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकलं. ती मुलं यहोवाच्या साक्षीदार पंथातली. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेमुळे म्हणत नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. आदराने उभं राहून न गाणं हा अपमान नव्हे, असं न्यायालय म्हणालं. जपानमध्ये १९९९ साली कायद्याने राष्ट्रगीत ठरलं, त्याच वर्षी हिरोशिमा जिल्ह्यात एका मुख्याध्यापकांनी या गीताच्या वादात सापडून आत्महत्या केली होती. पुढे टोकियोत गीताच्या वेळी उभं न राहणाऱ्या शिक्षकांवर कारवाया झाल्या. २०२२ मध्ये कतारच्या विश्वचषकात इराणचे फुटबॉलपटू इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी ओठ मिटून उभे राहिले. त्यांच्या देशात तेव्हा स्त्रियांच्या प्रश्नावर आंदोलन पेटलं होतं. त्यांचं न गाणं सगळ्या जगाने ऐकलं.

केरळच्या मुलांचं मौन त्यांच्या श्रद्धेचं होतं, इराणच्या खेळाडूंचं त्यांच्या दुःखाचं. ते त्यांचं स्वतःचं होतं. आसपास गाणारे होते म्हणून त्या न गाण्याला अर्थ होता. मी पाहिलेल्या मैदानावर कोण मनापासून उभं आहे, कोण कंटाळून, कुणाच्या मनात काय आहे, काही कळायला मार्ग नव्हता. गाणाऱ्याचा हक्कही स्पीकरने घेतला आणि न गाणाऱ्याचाही. म्हणून कुणी असं समजू नये की मी सक्ती मागते आहे. २०१६ मध्ये चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं झालं, जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयानेच ती सक्ती काढली, ते मला योग्य वाटलं. शाळेत मुलाला शिकवावं, आवाज लावायची संधी द्यावी, एवढंच मागते.

सत्ताधाऱ्यांना गाणाऱ्या तोंडांची भीती वाटत आली आहे, हेही लक्षात घ्या. फ्रान्सचं ‘मार्सेयेझ’ १७९२ मध्ये स्ट्रासबुर्गला लिहिलं गेलं, १७९५ मध्ये राष्ट्रगीत झालं, नेपोलियनने मागे सारलं, नंतरच्या राजांनी बंद केलं आणि १८७९ मध्ये परत आलं. मधली सगळी वर्षं ते लोकांच्या तोंडी होतं. एस्टोनियाचं राष्ट्रगीत सोव्हिएत काळात बंद होतं, तेव्हा तिथले लोक तालिनच्या गायन महोत्सवात हजारोंच्या संख्येने मातृभूमीचं दुसरं गीत म्हणत. आपल्याकडे १९४२ ला या सातारा-सांगली भागात प्रभातफेऱ्या निघत तेव्हा कुणाकडे कर्णा होता? माझ्या सासूबाई कुंडलच्या बाजूच्या. त्या गाण्यात फारशा नव्हत्या, तरी ऐंशीव्या वर्षीही फेरीतली गाणी त्यांना शब्दशः पाठ होती, कारण ती त्यांनी लहानपणी चालता चालता स्वतः म्हटली होती.

आता राज्यगीतही आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला तो मान मिळाला. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि वाईजवळच्या पसरणीच्या शाहीर साबळे यांचा आवाज. त्यात आपल्या कृष्णा-कोयनेचं नाव आहे. बहुतेक ठिकाणी तेही रेकॉर्डवर. शाहिरांचा आवाज मुलांनी जरूर ऐकावा, वर्गात बसून ऐकावा. रोज सकाळी मात्र मुलांचा आवाज निघावा.

मुख्याध्यापकांची अडचण खरी आहे, ती मी टाळत नाही. मुलं सूर सोडतात, कारण पट्टी चुकते. ‘जन गण मन’मध्ये ‘भाग्यविधाता’ला मंद्र निषाद, म्हणजे खालचा नी, लागतो आणि शेवटच्या तीन ‘जय हे’तला पहिला तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, जातो. कुणीतरी पुढे उभं राहून उत्साहात वरच्या पट्टीत सुरू करतं आणि मग ‘जय हे’ आलं की आठवी-नववीच्या, नुकताच आवाज फुटलेल्या मुलांना ते पोचत नाही. ती गप्प होतात आणि पुढे गप्पच राहतात. उपाय सोपा आहे. पेटीवरच्या पांढरी एक किंवा काळी एक या पट्टीचा सा द्यावा. शाळेत पेटी नसेल तर मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप मिळतं, त्यावर सा लावून दहा सेकंद ऐकवावा आणि मग सुरू करावं. तिन्ही ‘जय हे’ एकेक पायरी खाली येतात, ते वर्गात वेगळे घोटून घ्यावेत. शेवटचा ‘हे’ मध्यमावर, म्हणजे ‘म’वर, थांबतो, षड्जावर नाही. मुलं तिथे घाईने सा पकडायला जातात आणि शेवट विस्कटतो. शब्द फळ्यावर लिहून घ्यावेत. ‘गाहे तव जयगाथा’चं ‘गाये’ आणि ‘आशिष मागे’चं ‘मांगे’ होतं, ते एका तासात सुटतं. दोन आठवडे परिपाठात रोज पाच मिनिटं दिली तर कुठलीही शाळा हे करू शकते. माझ्या शाळांतल्या, घरी रेडिओही नसलेल्या मुलांनी हे केलं आहे.

जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शिक्षण विभागांना माझी विनंती आहे की यंदाच्या १५ ऑगस्टला शाळांतून ध्वनिमुद्रित राष्ट्रगीत लावू नये, असं पत्रक जूनमध्येच काढावं, म्हणजे सरावाला वेळ मिळेल. संगीत शिक्षकाची जागा माझ्या ओळखीच्या बहुतेक शाळांत आता रिकामी आहे, हे मला ठाऊक आहे. तोवर आम्ही निवृत्त मंडळी आहोत. सांगली, मिरज, तासगाव, पलूस भागातल्या ज्या शाळेला मदत हवी असेल तिथे मी विनामूल्य येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे, तो विचारणाऱ्या शाळेला जरूर द्यावा. येताना पेटी मी घेऊन येईन, शाळेने फक्त परिपाठाची वेळ आणि दोन बाकं द्यावीत.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका
गावभाग, सांगली